संक्रांतीचे कार्ड घरच्या कागदातून व्हावे

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी घरच्या घरी शुभेच्छापत्रे कशी तयार करावीत, याविषयीचा लेख वाचला. मुलांनी सुट्टीत मोबाइल बाजूला ठेवून हाताने काही करावे, हा त्या लेखामागचा विचार मला मनापासून पटला आणि त्यासाठी आपण अर्धे पान दिलेत, याबद्दल आपले आभार मानते. मात्र लेखासोबतची साहित्याची यादी वाचून मी अस्वस्थ झाले. चकाकणारे फोमचे ताव, तयार चिकटफुले, प्लॅस्टिकचे मोती, चमकीच्या बाटल्या, नक्षी कापणारे पंच आणि हे सगळे एकत्र देणारा बाजारातला तयार संच, अशी ती यादी होती. कागदाविषयी तीत एवढेच होते की ‘जाड कार्डशीट घ्यावे’. बडोद्यातील एका मराठी शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला आणि हस्तकला शिकवली आहे. त्या अनुभवावरून सांगते की हाताने केलेल्या कार्डाचा सगळा जीव कागदात असतो, आणि तो कागद बहुतेक वेळा आपल्या घरातच पडलेला असतो. तो ओळखायला मुलांना शिकवले नाही, तर विकत आणलेल्या वस्तू एकीवर एक चिकटवणे एवढेच काम उरते आणि त्यातून मुलाच्या हाताला काहीही मिळत नाही.

माझ्या वडिलांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात संक्रांतीची आणि दिवाळीची कार्डे जपून ठेवली होती. पुण्याहून, साताऱ्याहून, इंदूरहून नातेवाइकांनी पाठवलेली ही कार्डे बहुतेक १९६० ते १९७५ या काळातली असून त्यांतली निम्म्याहून अधिक घरी केलेली आहेत. त्या काळी पाकिटात चार दाणे हलवा घालून कार्ड पाठवण्याची पद्धत होती आणि पाकीट फोडताना साखर हाताला चिकटत असे, ते मला अजून आठवते. यंदा पावसाळा संपल्यावर डबा उन्हात ठेवण्यासाठी उघडला, तेव्हा एकेक कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ पाहत बसले. ज्या कार्डांवर सेलोटेप लावला होता, तिथे टेप सुटून गेला होता आणि त्याच्या जागी मधासारखा तपकिरी डाग कायमचा उतरला होता. ज्यांना टाचणी किंवा स्टेपलची पिन मारली होती, तिथे गंजाचे भोक पडले होते. वर्तमानपत्रातले चित्र कापून चिकटवलेली कार्डे पिवळी पडून इतकी ठिसूळ झाली होती की कडा बोटाच्या स्पर्शाने तुटत होत्या. नुसत्या मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या दोन-तीन कार्डांना कसर लागली होती.

त्या सगळ्यांत एक कार्ड मात्र जसेच्या तसे होते. ते माझ्या आत्याचे. तिच्या यजमानांच्या पेढीवर हिशेबाच्या चोपड्या असत आणि त्यांतला एक कोरा ताव कापून तिने ते केले होते. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला, किंचित खरबरीत, दुधावरच्या सायीच्या रंगाचा तो कागद. त्यावर लाल पतंगाचा कागद कातरून केलेला बोटभर पतंग, त्याला शिवणाच्या दोऱ्याची शेपटी, आणि खाली बोरूने लिहिलेले ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. लाल रंग थोडा उतरला आहे. पण कागदाला डाग नाही, घडीवर चीर नाही, पतंग सुटलेला नाही. खळीत तिने कसर लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घातली असणार, कारण आमच्या घरी पुस्तकबांधणीची खळ तशीच करत. (मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती ती देऊ नये, हे इथेच सांगून ठेवते.)

यात नशिबाचा भाग नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकूड यंत्रावर वाटून काढलेल्या लगद्याचा असतो आणि लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य त्यात तसेच राहते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते आणि कागद मोडू लागतो. सुती चिंध्यांच्या लगद्यात लिग्निन जवळपास नसते, म्हणून तो कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अहमदाबादला साबरमती आश्रमाच्या आवारातील ‘कलमखुश’ या केंद्रात असा हातकागद तयार होत आला आहे. बडोद्याहून अहमदाबादला आपली माणसे सतत जात-येत असतात. त्यांनी येताना चार ताव आणले, तर एका घराचे वर्षभराचे काम होते. ज्याला ते जमत नाही, त्याने निदान वर्तमानपत्राचे कात्रण कार्डाचा मुख्य भाग म्हणून वापरू नये.

वर्तमानपत्राचा दुसरा एक उपयोग मात्र फार मोलाचा आहे आणि तो आपल्या वाचकांना आत्ता, हे पत्र वाचतानाच करता येईल. वाचून झालेले एक पान घ्यावे आणि ते वरून खाली, रकान्यांच्या दिशेने फाडावे. पट्टी लावल्यासारखी सरळ फाट जाते. मग तेच पान डावीकडून उजवीकडे फाडून पाहावे. फाट वेडीवाकडी जाते आणि कितीही जपले तरी भरकटते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने पहुडतात आणि म्हणून कागदालाही कापडासारखा उभा, म्हणजे तंतूंच्या दिशेचा, आणि आडवा असतो. तंतूंच्या या दिशेला छापखान्यातले लोक ग्रेन म्हणतात. शाळेत पाचवीच्या वर्गात मी पहिल्या दिवशी दुसरे काहीही करत नसे. प्रत्येक मुलाला अर्धे पान देऊन फाडायला लावत असे, आणि चाळीस मुलांच्या वर्गात पाच मिनिटे नुसता फाडण्याचा आवाज भरून राहत असे. कार्डाची घडी कुठल्या बाजूने घालायची, हे त्यानंतर कोणालाही वेगळे सांगावे लागत नसे. उभ्याच्या दिशेने घातलेली घडी गुळगुळीत बसते, आडवी घातलेली घडी जाड कागदावर फुटते आणि आतला पांढरा कागद दिसू लागतो. दुकानातून आणलेल्या कार्डशीटचा उभा ओळखण्यासाठी ते फाडायचीही गरज नाही. ताव न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, तीच घडीची बाजू. घडी घालण्याआधी स्टीलच्या पट्टीच्या कडेने रिकाम्या बॉलपेनने एक खोलगट रेघ ओढावी, खाली घडी केलेले वर्तमानपत्र ठेवावे आणि मग चमच्याच्या पाठीने घडी दाबून घ्यावी. यासाठी वेगळे हत्यार विकत घेण्याचे कारण नाही.

चिकटवण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. पाणी लागले की कागद आडव्या बाजूने अधिक फुगतो. म्हणून दोन कागद एकमेकांवर चिकटवताना दोन्हींचा उभा एकाच दिशेला हवा, नाहीतर वाळल्यावर कार्ड होडीसारखे वाकते. डिंक किंवा खळ मधोमध घालून बाहेरच्या बाजूला पातळ पसरावी, वर कोरा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवावे. आमच्या घरी हे वजन म्हणजे पाटा होता. मुलांना सगळ्यांत कठीण जाते ते हे रात्रभर थांबणे, आणि माझ्या मते हाच या कामातला सर्वांत मोठा संस्कार आहे.

आता घरातल्या कागदाविषयी. बडोद्यात मराठी घरांतही लग्नसराईत पत्रिकांबरोबर गुजराती शेजाऱ्यांच्या आणि स्नेह्यांच्या कंकोत्र्यांचा, म्हणजे लग्नपत्रिकांचा, ढीग जमतो. कंकोत्रीचा कागद हा कार्डांसाठी मिळणारा उत्तम प्रतीचा कागद आहे. जाड, रंगीत, एका बाजूला उठावाची नक्षी, आत सोनेरी छपाई, कधी रेशमी कापड चिकटवलेले पुठ्ठे, कधी गोंड्याची दोरी. पुन्हा त्यावर गणपती असतो, त्यामुळे ती रद्दीत टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते; ही अडचण प्रत्येक घरातली आहे. तो गणपती कातरून, नव्या कार्डाच्या दर्शनी भागावर सन्मानाने लावला, तर त्याची विटंबनाही होत नाही आणि एका घरच्या मंगल कार्याचा कागद दुसऱ्या घरी शुभेच्छा घेऊन जातो. मागची बाजू बहुधा कोरी असते, तिच्या पट्ट्या पाडून किनार करता येते. करंज्या आणि शंकरपाळे कापण्याचे कातणे अशा कागदावर दाबून फिरवले की सुंदर नागमोडी ठसा उठतो. माझ्या विद्यार्थिनींनी हे कातणे घरून आणले, तेव्हा एकीच्या आईने ‘स्वयंपाकाचे कातणे कागदाला कशाला’ म्हणून चिठ्ठी पाठवली होती. तिचे म्हणणे योग्यच होते, म्हणून जुने, धार गेलेले कातणेच वापरावे असे मी नंतर सांगत आले.

अलीकडे ज्याला मिश्र माध्यम म्हणतात, म्हणजे एकाच चौकटीत कागद, रंग, कापड, दोरा, छापील मजकूर असे सगळे एकत्र आणणे, ते आपल्याकडे काही परके नाही. आपल्या शाळांत कातरकाम, चिकटकाम, ठसेकाम, घडीकाम हे शब्द कित्येक पिढ्या आहेत. फ्रान्समध्ये १९१२ साली पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रात कागदाचे तुकडे चिकटवले, त्यातून कोलाज हा शब्द कलेच्या इतिहासात स्थिर झाला, हे खरे. पण त्याच्याही कितीतरी आधी, १७७२च्या सुमारास, मेरी डेलानी या इंग्रज बाईंनी वयाच्या ७२व्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत साडेनऊशेहून अधिक चित्रे केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या वयाच्या बायकांनी ‘आता हात थरथरतो’ असे म्हणण्यापूर्वी हे वय लक्षात घ्यावे. आणि बडोद्यासारख्या गावाला तर हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नसावी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि हाताच्या कामाला शिक्षणात मान दिला. पुढे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत भरणाऱ्या फाइन आर्ट्स फेअरसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या कलावंताने लाकूड, मणी, कातडे अशा साध्या वस्तूंतून खेळणी तयार केली. ज्या गावात हे घडले, तिथल्या मुलांच्या हाती आपण तयार चिकटफुले देतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मिश्र माध्यमात एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे क्रम. पाण्याचे रंग आधी, तेलकट खडू नंतर. कारण मेणाचा अंश असलेल्या खडूवर पाण्याचा रंग धरत नाही. हे न कळता केले तर चित्र बिघडते आणि कळून केले तर तीच युक्ती होते: पांढऱ्या खडूने रांगोळीचे ठिपके काढून वर निळा रंग फिरवला की ठिपके आपोआप उजळून निघतात. पातळ कागदावर जड वस्तू लावायची असेल, तर आधी मागून दुसरा थर द्यावा.

पतंगाच्या कागदाविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या गावाची ती खरी संपत्ती आहे. दिवाळीत आकाशकंदील घरी करणाऱ्यांकडे करंज्यांचा आणि झिरमिळ्यांचा उरलेला कागद असतोच. डिसेंबरपासून तर मांडवीच्या आसपासच्या दुकानांत पतंगांचे ढीग लागतात, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी प्रत्येक गच्चीवर, झाडावर, तारेवर फाटके पतंग लटकत असतात. हा कागद इतका पातळ असतो की दोन रंग एकावर एक ठेवले की तिसरा रंग दिसतो. पिवळ्यावर निळा ठेवला की हिरवा. मुलांना रंगमिश्रण शिकवण्यासाठी याहून सोपे साधन मला माहीत नाही.

त्याचा एक दोष मी स्वतः भोगला आहे. गेल्या वर्षी माझ्या नातीने तिच्या आजोळच्या सगळ्यांसाठी नऊ कार्डे करायला घेतली. जांभळे आणि गुलाबी पतंग कातरून तिने पाण्यात कालवलेल्या डिंकाने पांढऱ्या कार्डावर चिकटवले आणि हात फिरवताच रंग सुटून सगळे कार्ड गुलाबी झाले. बोटेही रंगली, ती दुसऱ्या कार्डाला लागली. नात रडकुंडीला आली. मलाच हे आधी सांगायला हवे होते, कारण पतंगाच्या कागदाचा रंग पुष्कळदा कच्चा असतो आणि ओला झाला की उतरतो, हे मला माहीत होते. मग आम्ही दोघींनी तेच मुद्दाम करायचे ठरवले. कागदाचे तुकडे पांढऱ्या कार्डावर नुसते पसरले, ब्रशने पाणी सोडले, दहा मिनिटांनी तुकडे उचलून घेतले. खाली जो रंग उतरला, तो संध्याकाळच्या आभाळासारखा एकात एक मिसळलेला होता. ते वाळल्यावर त्यावर कोरड्या गोंदकांडीने नवे पतंग लावले. कोरड्या गोंदाने रंग सुटत नाही. नऊपैकी सहा कार्डे अशी झाली आणि नातीला ती आधीच्या तीन कार्डांपेक्षा अधिक आवडली. गच्चीवरचा दोरा मात्र मुलांना गोळा करू देऊ नये. मांज्यावर काचेचा लेप असतो, तो बोटे कापतो. पतंगाची शेपटी करायला शिवणाचा दोरा पुरतो.

कार्ड पोस्टाने जायचे असेल तर वजनाचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. कागदाच्या वेष्टनावर २५० जीएसएम असे छापलेले असते, त्याचा अर्थ त्या कागदाचा एक चौरस मीटर २५० ग्रॅम भरतो. ए-४ ताव हा चौरस मीटरचा बरोबर सोळावा भाग, म्हणजे एका तावाचे वजन साडेपंधरा ग्रॅमच्या थोडे वर जाते. पूर्ण ताव दुमडून कार्ड केले आणि मोठे पाकीट घेतले, की साध्या पत्राचा २० ग्रॅमचा टप्पा सजावटीआधीच ओलांडला जातो. मग तिकीट कमी पडते आणि ज्याला शुभेच्छा पाठवल्या त्याच्याकडूनच पोस्टमन पैसे मागतो. ताव मधोमध कापून अर्ध्याचे कार्ड केले, तर ते आठ ग्रॅमच्या आत बसते, आणि त्यात दुसरा फायदा असा की बाजारातल्या ए-४ तावांचा उभा बहुधा लांबीच्या दिशेने असल्यामुळे अर्ध्या तावाची घडी आपोआप उभ्यात येते, तर पूर्ण तावाची घडी आडवी येऊन फुटते. पाकिटावर शिक्का हाताने जोरात मारला जातो, तेव्हा आतले मोती आणि टिकल्या चिरडतात. म्हणून उठाव हवा असेल तर तो कागदाच्याच थरांनी द्यावा. हलवा घालायचाच असेल तर बटर पेपरच्या छोट्या पुडीत घालावा, आणि त्या कार्डावर चमकी मुळीच लावू नये. चमकी प्लॅस्टिकची असते, ती झडते आणि पुडी उघडणाऱ्याच्या तोंडात जाते.

शाळांविषयी एक तक्रार नोंदवते. नातीच्या शाळेत ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ या उपक्रमासाठी पालकांना जी यादी आली, तीत आइस्क्रीमच्या ५० नव्या काड्या, चमकीचे चार ताव आणि रंगीत टिकल्यांची दोन पाकिटे होती. टाकाऊ वस्तूंसाठी म्हणून दुकानातून नवे सामान आणायचे, आणि ज्या मुलीने जुन्या कंकोत्रीचे, थोडे वाकडे पण स्वतःचे कार्ड केले तिला गुण कमी, कारण ते ‘नीटनेटके नाही’. त्या वयात कात्री वाकडी चालतेच. नीटनेटकी कार्डे बहुतेक वेळा आयांनी रात्री जागून केलेली असतात, हे शिक्षकांनाही ठाऊक असते. मीही शिक्षिका होते; असे काम समोर आले की मी मुलाला वर्गात माझ्यापुढे एक घडी घालून दाखवायला सांगत असे आणि गुण त्या घडीला देत असे.

आपल्याला माझी विनंती आहे. तयार साहित्याच्या याद्यांऐवजी आपण पुरवणीत एक छोटे सदर द्यावे, ज्यात दर आठवड्याला घरातल्या एकाच कागदाची ओळख असेल: कंकोत्री, पतंगाचा कागद, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, साडीच्या घडीतला पातळ कागद, वाण्याची तपकिरी पिशवी. तो कुठे फुटतो, काय धरतो, काय सोडतो, एवढे लिहिले तरी पुरे. नमुन्याचे रंगीत चित्र न दिलेले बरे, कारण मुले मग त्याचीच नक्कल करतात. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन. आपल्या गावातल्या मराठी मंडळांनीही डिसेंबरच्या एखाद्या रविवारी घरोघरच्या जुन्या पत्रिका एकत्र जमवून मुलांना आणि आजी-आजोबांना एका सतरंजीवर बसवावे. मी दोन कात्र्या, पट्टी आणि आत्याचे ते कार्ड घेऊन येईन. संक्रांतीचे कार्ड परगावी वेळेवर पोहोचायचे तर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेटीत पडायला हवे आणि त्याआधी ते रात्रभर वजनाखाली वाळायला हवे, तेव्हा सदराचा पहिला भाग मार्गशीर्षात छापून यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे